वाटणीचा वाद आणि बंधूंचा समेट

शास्त्रपाठ : लूक 12:13–21, मत्तय 18:15–17, 1 करिंथ 6:1–8

प्रभु येशू मोठ्या समुदायापुढे गंभीर गोष्टी बोलत होता. मनुष्याचे भय न धरिता देवाचे भय धरावे, ज्याला चिमण्यांचीही आठवण आहे तो आपल्या लेकरांस विसरणार नाही, अधिकाऱ्यांपुढे नेऊन उभे केले तरी काय बोलावे हे पवित्र आत्मा शिकवील, असा तो उपदेश चालला होता. इतक्यात गर्दीतून एक मनुष्य मध्येच बोलला. आपल्या भावाने वडिलांच्या मिळकतीतला वाटा आपणांस द्यावा, असे गुरुजींनी त्याला सांगावे, एवढेच त्याचे मागणे होते. उपदेशाचा एकही शब्द त्याच्या कानी गेलेला दिसत नाही. शरीराने तो प्रभूच्या समोर होता, मनाने मात्र शेताच्या बांधावर उभा होता. त्याला हसण्याचे आम्हांस कारण नाही. रविवारी उपासना चालली असता आमच्यातील किती जणांच्या मनात मोजणीची तारीख घोळत असते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

हा पाठ आम्ही ह्या वेळी मुद्दाम निवडिला आहे. पुण्याच्या उत्तरेकडील गावांतून आमच्या ज्या मंडळ्या आहेत, त्यांच्या भोवतालची भूमी दोन-तीन पिढ्यांत पालटून गेली. पिंपरीस 1954 साली पेनिसिलिन करणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ह्या गावांची 1970 साली नगरपालिका झाली, आणि 1982 साली तिची महानगरपालिका झाली. पुढे कारखान्यांचे हे लोण इंद्रायणी ओलांडून चाकणकडे गेले. ज्या चाकणचे नाव घेतले की कांद्याचा बाजार आठवावा, तेथे 2009 साली एका जर्मन कंपनीने मोटारगाड्यांचा कारखाना उघडिला. आणि म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी ह्या बाजूच्या गावांत, जेथे बाजरीचे कणीस पुरते भरत नव्हते अशा माळाच्या गुंठ्यालाही, बापाने जन्मात कधी पाहिली नव्हती इतकी किंमत आली. गुंठे विकून मोठे झालेल्यांस लोक थट्टेने गुंठामंत्री म्हणतात. थट्टा लोकांनी खुशाल करावी. आमची काळजी निराळी आहे. ज्या घरी काल भाकरी दोघा भावांत मोडून खाल्ली जात होती, त्या घरी आज दोन चुली, दोन वकील आणि मंडळीत बसण्याच्या दोन बाजू झाल्या आहेत.

तर त्या मनुष्याला प्रभूने काय उत्तर दिले? त्याने वाटणी करून देण्याचे नाकारिले, आणि मग समुदायाकडे वळून सर्वांनाच लोभाविषयी सावध केले. लोभासाठी मूळ ग्रीकात जो शब्द आहे त्याचा धात्वर्थ 'अधिक असणे' असा आहे. आपल्याकडील 'हाव' हा शब्द त्याच्या जवळ जातो. गरजेपुरते मागणे म्हणजे हाव नव्हे. भुकेल्याने भाकरी मागितली तर त्याला कोणी लोभी म्हणत नाही. पण आहे त्याहून अधिक, भावाला आहे त्याहून अधिक, आणि तेही मिळाल्यावर आणखी अधिक, अशी जी कधी न भरणारी भूक, ती हाव होय. म्हणून लोभी मनुष्य श्रीमंतच असतो असे नाही. एका गुंठ्यासाठीही मनुष्य लोभी होतो.

पुढे प्रभूने ज्या धनवानाचा दाखला सांगितला, त्याने कोणाची चोरी केली नव्हती, कोणाचा बांध कोरिला नव्हता, खोटी सही घेतली नव्हती. त्याची जमीन पिकली, एवढीच गोष्ट. परंतु त्याचे बोलणे लक्ष देऊन वाचा. तो कोणाशी बोलतो? बायकोशी नाही, भावाशी नाही, शेतावर राबणाऱ्या गड्यांशी नाही, देवाशी तर नाहीच. तो आपल्या जिवाशीच बोलतो, आणि जे काही आहे ते सारे आपलेच म्हणून सांगतो. त्या रात्री त्याचा जीव मागितला जातो, तेथे ग्रीकात जे क्रियापद आले आहे ते उसने दिलेली वस्तू परत मागण्यासाठीही योजितात. ज्याला तो आपला समजत होता तो जीवदेखील उसना होता. पौल तर कलस्सैकरांस (3:5) लिहिताना लोभाला मूर्तिपूजाच म्हणतो. आम्ही व आमच्या वाडवडिलांनी देव्हाऱ्यातील टाक काढून टाकिले, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. त्याच देव्हाऱ्याच्या कोनाड्यात आता सातबाऱ्याचा उतारा नेऊन ठेविला असेल, तर घरात पालट झाला असे म्हणता येणार नाही.

आता हा पाठ आपल्या गावात आणू. अशी घरे एक-दोन नाहीत, म्हणून कोणा एकाचे न सांगता आम्ही एक दाखलाच रचून सांगतो. असे समजा की, चाकणच्या बाजूला एक ख्रिस्ती शेतकरी होता. त्याची जमीन तीन एकर पंधरा गुंठे, म्हणजे 135 गुंठे. तो मृत्युपत्र न करिता वारला. मागे बायको, दोन पुत्र आणि नगर जिल्ह्यात दिलेली एक कन्या. वडील भाऊ शेती पाहतो, धाकटा भोसरीच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामास जातो. रस्ता रुंद होणार अशी बातमी आली आणि दलाल दारी येऊ लागले. वडील भावाने धाकट्याला न विचारता रस्त्याकडील तुकड्याचा विसार घेतला. धाकट्याला हे चहाच्या हॉटेलात कळले. तो रागावला. त्याचा राग निष्कारण नव्हता, हे आम्ही आरंभीच सांगतो. पुढल्या रविवारी तो मंडळीत आला नाही; त्याच्या पुढल्या रविवारी आला, पण भावाच्या रांगेत बसला नाही; आणि प्रभुभोजनाच्या दिवशी दोघेही घरी राहिले. जावा एकमेकींशी बोलेनात. पोरांस चुलत भावंडांबरोबर खेळण्याची मनाई झाली.

अशा वेळी उपदेशक जातो. बहुधा काय होते? तो दोघांस एकत्र बसवितो, प्रीतीविषयीचे एखादे वचन वाचितो, प्रार्थना करितो, हातात हात देववितो. आई डोळे पुसते, चहा होतो, आणि पाळकसाहेबांस समेट झाल्याचे पत्र जाते. पंधरा दिवसांनी बांधावरून पुन्हा भांडण, आणि ते पहिल्याहून कडू. कारण आता 'प्रार्थना करूनही हा असाच' हा एक आरोप त्यात अधिक झालेला असतो. असे का व्हावे? हात हातात दिला खरा, परंतु विसाराची रक्कम किती होती, ती कोठे आहे, तुकडा कोणाच्या नावाचा होता, हे त्या बैठकीत कोणी विचारिलेच नाही. ताप उतरविला, रोग तसाच राहिला. राग डोळ्यांना दिसतो म्हणून आम्ही रागाला औषध देतो. लोभ कागदांत दडलेला असतो, आणि कागद पाहणे हे आत्मिक काम नव्हे असे आम्हांस उगीच वाटते. याकोबाने (4:1–2) मंडळीतील भांडणांचा उगम विचारिला, तेव्हा त्याने बोट ठेविले ते अंतःकरणातील वासनांवर.

आणि कागद पाहिले असते तर काय दिसले असते? दोघे भाऊ अर्ध्या-अर्ध्या जमिनीसाठी, म्हणजे साडेसदुसष्ट गुंठ्यांसाठी, भांडत आहेत. परंतु ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता मेला तर त्याच्या मिळकतीला 1925 सालचा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश जातो, आणि उरलेले दोन तृतीयांश लेकरांस सारखे वाटिले जाते. पुत्र व कन्या असा भेद त्यात नाही. म्हणजे आईचे 45 गुंठे, आणि तिघा लेकरांचे प्रत्येकी 30. दोघे भाऊ ज्या 135 गुंठ्यांसाठी एकमेकांचा गळा धरीत आहेत, त्यांतले 75 गुंठे दोघांचेही नाहीत! धाकटा म्हणतो, मला लुबाडिले. खरे आहे. परंतु आईला व बहिणीला लुबाडण्यात तो भावाचा सोबती आहे, आणि त्या एका बाबतीत दोघांचे पूर्ण एकमत आहे. बहिणीला केव्हा बोलाविले? हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करण्यासाठी. तिला काय दिले? एक लुगडे आणि जेवण. पुष्कळ ठिकाणी तर बहिणींची नावे सातबाऱ्यावर मालकांच्या ओळीत न येता 'इतर हक्क' ह्या सदरात लिहून ठेविलेली असतात, आणि ते सदर कोणी वाचीत नाही. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या कायद्यातही 2005 सालच्या दुरुस्तीने कन्येला वडिलार्जित मिळकतीत पुत्राइतकाच हक्क मिळाला. ख्रिस्ती घरात हा हक्क त्याच्या किती तरी आधीपासून आहे, आणि तरी आमच्या बहिणी लुगड्यावर परत जातात, ही लाजेची गोष्ट आहे. बहिणीने स्वखुशीने सोडिले तर प्रश्न नाही. पण माहेरचा उंबरा बंद होईल ह्या भीतीने जी सही होते तिला खुशी म्हणण्यास आमची जीभ वळत नाही.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवितो. आमच्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांकडे गावकीच्या वतनाची जमीन होती. ती वतने 1958 सालच्या कायद्याने रद्द झाली व जमिनी पुढे नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या. अशी जमीन विकण्यास सरकारची परवानगी लागते. दलाल आधी सही मागतो आणि परवानगीचे मागाहून पाहू म्हणतो. त्याच्या घाईला बळी पडू नये. तालुक्याच्या कचेरीत चौकशी करावी व माहितगार वकिलास विचारावे.

आता एक शंका वाचकांच्या मनात आलीच असेल. प्रभूनेच वाटणी करून देण्याचे नाकारिले, तर उपदेशकाने सातबारा पाहण्याच्या भानगडीत का पडावे? उलट पौल करिंथच्या मंडळीला रागे भरतो की, भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा मनुष्य तुमच्यात नाही काय? गुरूने जे नाकारिले ते शिष्याने मंडळीवर लादिले काय? आम्हांस तसे वाटत नाही. लूकमधील तो मनुष्य निवाडा मागण्यास आलाच नव्हता. निवाडा त्याने स्वतः अगोदरच केला होता; प्रभूकडून त्याला फक्त शिक्का हवा होता. भाऊ तेथे हजर होता की नाही हे शास्त्र सांगत नाही. भावाची बाजू ऐकून घ्यावी असे तर त्याने मुळीच म्हटले नाही. एका पक्षाचे ऐकून दुसऱ्यावर आज्ञा सोडण्याचे काम प्रभूने नाकारिले, आणि तेच काम आमच्याकडे पाळक, उपदेशक व वडील ह्यांजकडे रोज मागितले जाते. 'तुम्ही जरा त्याला सांगा' असे म्हणत जो येतो, तो बहुधा त्याच मनुष्याचा वंशज असतो. त्याला नाही म्हणण्यास भिऊ नये. पौल सांगतो ते निराळे आहे. तेथे दोघेही समोर आहेत, वाद मांडला गेला आहे, आणि प्रश्न एवढाच की तो कोणापुढे तुटावा.

ह्याच अध्यायात पौल आणखी एक गोष्ट सांगतो, आणि तिच्याविषयी जपून बोलावे लागते. कज्जे करण्यापेक्षा अन्याय का सोसू नये, असे तो विचारितो (6:7). हे वचन खरे आहे. पण आम्ही असे पाहिले आहे की, हे वचन ज्याने अन्याय केला तोच ज्याला सोसावे लागले त्याच्यापुढे वाचून दाखवितो. भाऊ बहिणीला सांगतो, तू विश्वासणारी आहेस ना, मग सोड. ह्या ठिकाणी आम्हांस आपल्याच मुलखातील एक गोष्ट आठवते. चाकणहून देहू फारसे दूर नाही. त्या गावच्या तुकारामबोवांविषयी महीपतीने अठराव्या शतकात जी चरित्रकथा लिहून ठेविली, तीत असे आहे की, बोवांच्या घराण्यात सावकारी होती व लोकांकडून येणे असलेली खते घरात होती. ती खते इंद्रायणीत बुडवावी असे बोवांच्या मनाने घेतले. परंतु धाकटा भाऊ कान्होबा ह्याला संसार होता. तेव्हा त्यांनी खते दोन भागांत वाटिली, कान्होबाचा अर्धा भाग कान्होबाला दिला, आणि केवळ आपला अर्धा भाग नदीत सोडिला. ही परंपरेची कथा आहे. पण ती ज्यांनी जपून ठेविली त्यांना त्यागाचा अर्थ कळला होता. त्याग मोठा होता, परंतु त्याआधी वाटणी झाली होती. आपल्या वाट्यावर पाणी सोडण्याचा अधिकार बोवांस होता. भावाच्या वाट्यावर तो नव्हता, आणि त्यांनी तो घेतला नाही. कै. नारायण वामन टिळक, ज्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, ते आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. त्या वाटेवर ही नदीदेखील लागते.

अब्राहामाचेही असेच होते (उत्पत्ती 13). गुराख्यांत भांडण लागले. देशात त्या वेळी कनानी व परिज्जी राहत होते, असे शास्त्र मध्येच सांगते, जणू शेजारी पाहत होते ह्याची आठवण देते. अब्राहाम वडील होता. आधी निवडण्याचा मान त्याचा होता. त्याने तो लोटाला दिला. जो बळकट आहे त्याने आपला हक्क सोडिला. पौलाचे वचन बळकटाने आपणांस लावून घ्यावे, दुबळ्यावर फेकू नये. म्हणून आमच्या दाखल्यातील घरात आधी हिशेब पुरा व्हावा, प्रत्येकाचा वाटा कागदावर लिहिला जावा. मग ज्याला सोडावयाचे असेल त्याने आपले सोडावे. आई म्हणेल, माझे पंचेचाळीस मुलांस द्या. म्हणू द्या. पण आधी ते तिचे आहेत हे तिला ऐकू येऊ द्या.

क्षमेचे काय, असे कोणी विचारील. हिशेब होईपर्यंत क्षमा करावयाची नाही काय? क्षमा आणि समेट ह्या दोन गोष्टी आहेत. क्षमा एकट्याला करिता येते, आणि ती आजच केली पाहिजे. समोरच्याने मागितली नसली तरी. समेटाला दोघे लागतात व सत्य लागते. ज्याने घेतले त्याने ते कबूल केल्यावाचून जो समेट होतो, तो दुबळ्याच्या तोंडावर हात ठेवण्याचाच एक प्रकार आहे.

रागाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. सर्व राग पाप नव्हे. शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या मनुष्यावरून लोकांची मने कठीण झालेली पाहून प्रभूही रागाने पाहू लागला, असे मार्क (3:5) लिहितो. पौल इफिसकरांस (4:26–27) राग येणारच असे धरून चालतो. त्याचे सांगणे हे की, सूर्य मावळण्यापूर्वी तो निवळावा, सैतानाला जागा मिळू नये. कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या भावाला हा नियम कसा लावावयाचा, तो तर मध्यरात्री घरी येतो, असे एका तरुणाने आम्हांस हसत विचारिले होते. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तीन पाळ्यांत विभागलेल्या घरात भाऊ भावाला आठवडा-आठवडा भेटत नाही, आणि न भेटता वाढलेला राग सर्वांत वाईट. अशांनी सुट्टीचा दिवस ठरवावा, आणि तोवर त्या गोष्टीविषयी तिसऱ्याशी बोलू नये. राग शिळा होऊ देऊ नये, हा त्या वचनाचा अर्थ. शिळ्या रागाला जुन्या गोष्टी चिकटतात. भांडण विसाराचे असते, पण तोंडातून निघते ते कोणाच्या बापाने आधी बाप्तिस्मा घेतला, कोण कोणत्या वाडीचा, कोणाच्या लग्नात कोणाला जेवावयास बसविले नाही, हे. येथवर आले की विसार परत केला तरी भांडण मिटत नाही.

काईन रागाने काळवंडला, तेव्हा हातून घात होण्यापूर्वीच देव त्याच्याशी बोलला (उत्पत्ती 4:6–7), आणि तो बोलला ते प्रश्न विचारून: तू का रागावलास? उपदेशकांनी ही रीत शिकावी. रागावलेल्या मनुष्याला प्रवचन ऐकू जात नाही. प्रश्न विचारिला तर निदान तो थांबतो.

मत्तय 18 मध्ये प्रभूने जी वाट घालून दिली आहे ती आमच्या सर्व वाचकांस पाठ आहे, आणि बहुतेक सर्व जण ती उलटी चालतात. प्रभु म्हणतो, आधी एकट्याने एकट्याजवळ जा. आमच्याकडे आधी हॉटेल, मग मोबाइलवरील मंडळीचा गट, मग सोयरे, मग पोलीस पाटील, आणि ज्याच्याशी वाद तो भाऊ सर्वांच्या शेवटी. लोकांपुढे चूक निघाली की कबूल करणे जड जाते. एकांतात तेच सोपे असते. आणखी एक ध्यानात घ्यावे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला प्रभु येथे जाण्यास सांगतो. आणि मत्तय 5:23–24 मध्ये ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्यालाही वेदीपाशी अर्पण ठेवून जाण्यास सांगतो. म्हणजे दोघेही घरून निघाले पाहिजेत, आणि भेट वाटेत कोठे तरी झाली पाहिजे. 'त्याने आधी यावे' ह्या बोलण्याला शास्त्रात आधार नाही.

ऐकले नाही तर एक-दोघांस बरोबर न्यावे. हे आपले पाठिराखे नव्हेत. ते साक्षी आहेत, आणि साक्षी जसे दुसऱ्याविरुद्ध तसे माझ्याविरुद्धही बोलू शकतात. हे कोण असावेत? ज्याला सातबारा व फेरफार वाचिता येतो असा एक तरी असावा, आणि जो दुर्बळ पक्ष आहे त्याच्या विश्वासातला एक अवश्य असावा. यरुशलेमाच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांस रोजच्या वाटपात डावलिले जाते अशी कुरकुर झाली (प्रेषितांची कृत्ये 6). प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस दटाविले नाही. सात माणसे निवडिली गेली, आणि त्या सातांची नावे वाचली तर सारी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती ताट दिले गेले. आमच्या दाखल्यात बहिणीचा नवरा किंवा आईच्या माहेरचा कोणी त्या बैठकीत का नसावा?

एक गोष्ट कामकऱ्यांविषयी, आणि ती कित्येकांस कडू लागेल. जमीन विकली की मंडळीला उपकारस्तुतीचे मोठे दान येते. मंदिराचे छप्पर होते, ध्वनिक्षेपक येतो, कोनशिलेवर नाव लागते. ज्याच्या दानातून छप्पर झाले त्याला बहिणीच्या तीस गुंठ्यांविषयी विचारण्यास पाळकाची जीभ उचलत नाही. म्हणून वाद तुटेपर्यंत त्या मिळकतीच्या पैशातले दान मंडळीने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. छप्पर एक पावसाळा गळाले तरी चालेल.

खटला अगोदरच कोर्टात असेल तर? कोर्ट हे देवाने नेमिलेल्या अधिकाराखालीच आहे, आणि विधवेने वा कन्येने आपल्या हक्कासाठी तेथे दाद मागितली तर तिला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. प्रभूच्याच एका दाखल्यात विधवा न्यायाधीशाच्या दाराशी वारंवार जाते. पण जे समर्थ आहेत त्यांनी कज्जाचे आयुष्य ओळखावे. शेजारच्या गुजरातेत ब्रदरन मंडळीच्या लोकांत, 1970 सालच्या मंडळ्यांच्या एकीकरणानंतर मिळकत कोणाची, ह्याविषयी वाद पडला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथील निकाल 2013 साली लागला. कोणाचे बरोबर होते हे आम्ही सांगत नाही. 1970 साली जे तरुण होते ते 2013 साली म्हातारे झाले होते, एवढे मात्र कोणालाही मोजिता येईल. चालू खटल्यातही तडजोडीची वाट उघडी असते. 1987 सालच्या कायद्याने स्थापिलेल्या लोकअदालतीत दोघांच्या संमतीने जो निवाडा होतो त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील चालत नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. मंडळीत बसून झालेली वाटणीही साध्या कागदावर ठेवू नये. नियमाप्रमाणे नोंदवून घ्यावी, नाही तर पुढल्या पिढीला तोच पाठ पुन्हा शिकवावा लागतो.

आणि मंडळीचेही जो ऐकणार नाही? त्याला परराष्ट्रीय व जकातदार ह्यांसारखे मानावे, असे प्रभु सांगतो. ह्याचा अर्थ कित्येक ठिकाणी असा घेतला जातो की, त्याच्या घरचे पाणी बंद, त्याच्या मयतीला कोणी जावयाचे नाही. परंतु हे वचन ज्याने लिहून ठेविले तो मत्तय स्वतः जकातदार होता. त्याला नाक्यावरून कोणी उठविले हे तो विसरला नसेल. हट्टी भावाला प्रभुभोजनाच्या मेजावर बसविता येणार नाही हे खरे. त्याच्या घरी जाण्याची मनाई कोठे आहे? उपदेशकाने जावे, ओट्यावर बसावे, पोरांची विचारपूस करावी, जमिनीचे नाव न काढिता परत यावे, आणि पुन्हा जावे. यरीहोस जक्कयाच्या घरी प्रभु उतरला तेव्हा त्याने हिशेब मागितल्याचे लूक लिहीत नाही. जक्कय आपण होऊन उभा राहिला आणि त्याने आकडे सांगितले: अर्धी मालमत्ता गोरगरिबांस, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट.